झूमुर दिसते कशी

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी मला संस्कृतच्या अध्यापनाविषयी लिहावयास सांगितले होते. ते काम मी कोलकात्यातल्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत केले, आणि त्याविषयी सांगण्याजोगे माझ्यापाशी फारसे काही नाही. विद्यार्थी झोपत असत आणि मी त्यांना उठवीत नसे. म्हणून बाईंना न विचारता मी विषय बदलतो आहे. भीड हा माझा जन्माचा सोबती असल्याने असले धाडस मला नवीन आहे. परंतु निवृत्तीनंतर जे काम माझ्या हाती आले त्याने मला इतके झपाटले आहे, की लिहायला बसलो तर लेखणी तिकडेच धावते. त्यातही एका वाक्याची हकीकत सांगायची आहे. ते वाक्य एका चित्रपटात राहणार की जाणार, यावर आमचा एक अख्खा हिवाळा खर्ची पडला.

काम असे. जे पाहू शकत नाहीत त्यांच्यासाठी, पडद्यावर जे दिसते ते शब्दांत सांगायचे. चित्रपटगृहात हे प्रेक्षक मोबाइलला इअरफोन लावून बसतात. संवाद, गाणी, हशा सर्वांबरोबर ऐकतात. आणि दोन संवादांच्या मधल्या शांततेत एक आवाज त्यांच्या कानात हळूच सांगतो, ‘ती दार उघडते. दारात कुणी नाही.’ तो आवाज माझा नसतो, माझ्या आवाजाने वर्गातला दुसरा बाकसुद्धा कधी जागा झाला नाही. वाक्य मात्र माझे असते. त्या शांततेला आम्ही फट म्हणतो. फट कधी पाच-सहा सेकंदांची असते, कधी एका श्वासाएवढी. तेवढ्यात मावेल तेच लिहायचे, संवादावर पाय पडू द्यायचा नाही, आणि दिसते ते सांगायचे, त्याचा अर्थ सांगायचा नाही. एवढेच नियम. वाचताना सोपे वाटतात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी (जागी राहणाऱ्यांपैकी) बालीगंजमध्ये एका जुन्या फ्लॅटच्या मागच्या दोन खोल्यांत हा व्यवसाय चालवते. एका खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत; ते आमचे ध्वनिमुद्रण. तिने मला प्रथम बोलावले ते फक्त बंगाली मजकुराची भाषा तपासायला. आमचे घराणे तीन पिढ्या कोलकात्यात आहे, त्यामुळे घराबाहेरची माझी सारी विद्या बंगालीतच झाली. भाषा तपासता तपासता मी लिहू लागलो. येथे येणारी बहुतेक संभाषणे मुळात बंगालीत झाली, ती मी मराठीत देतो आहे.

आमच्याकडे बहुतांशी येतात ते प्रेमविनोदी चित्रपट, ज्यांना हल्ली सगळे रॉमकॉम म्हणतात. दोघे भांडतात, दोघे भेटतात, गैरसमज होतो, पाऊस पडतो, गैरसमज जातो. मी आयुष्यभर नायिकावर्णने शिकवली. नेत्र, कटी, गती या साऱ्यांची शास्त्रोक्त विशेषणे मला मुखोद्गत होती. तरीही पहिल्या दिवशी, निळ्या कुर्त्यातली एक मुलगी टॅक्सीतून उतरते हे लिहायला मला सकाळ लागली.

माझा पहिला मसुदा जयिताने ऐकला. जयिता आमची तपासनीस. जन्मापासून पूर्ण दृष्टिहीन, बराकपूरला राहते, एका बँकेत अधिकारी आहे आणि दर शनिवारी सियालदाला उतरून आमच्याकडे येते. तिच्या पसंतीखेरीज आमच्याकडून एकही ओळ बाहेर जात नाही. ती खुर्चीत मागे रेलून ऐकत होती आणि माझी ओळ आली: ‘ती खिन्नपणे खिडकीबाहेर पाहते.’

“थांबवा. ती खिन्न आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“चेहऱ्यावरून दिसतं आहे,” मी म्हणालो.

“मग चेहरा सांगा. खिन्न व्हायचं की नाही ते माझं मी बघेन.”

मी दृश्य पुन्हा पाहिले आणि लिहिले: ‘खालचा ओठ दातांत. बोट काचेवर रेघा ओढते.’

“ही खिन्न नाहीये, काकू. ही कंटाळलीये.”

मी तिसऱ्यांदा पाहिले. ती खरोखरच कंटाळलेली होती. त्या दिवशी मी घरी चालत गेलो, कारण बसमध्ये स्वस्थ बसवले नसते. इतक्या उशिरा असे काही शिकायला मिळेल याची मी अपेक्षाच सोडली होती.

बंगालीत काकू म्हणजे काका. माझी पत्नी वसुधा हिला हे अर्थातच जन्मापासून ठाऊक आहे, पण तिने ते मनावर घेतले नाही. “चला काकू, पानं घेतलीत,” असे ती तेव्हापासून म्हणते. माझ्या नव्या कामावरही तिचे बारीक लक्ष असते. “लग्नाला एवढी वर्षं झाली,” ती एकदा म्हणाली, “मी कुठली साडी नेसलेय हे तुम्हाला डोळे मिटून कधी सांगता आलं नाही. आता परक्या बायकांच्या साड्यांचे काठ लिहिताय.”

“त्याचे मानधन मिळते,” मी म्हणालो.

“मग माझ्याकडे बघण्याचं बिल पाठवा.”

या कामात माणूस फार जवळून पाहू लागतो, आणि जवळून पाहिले की काही गोष्टी लपत नाहीत. उदाहरणार्थ, नायिकेची जाडी मैत्रीण. ती जवळपास प्रत्येक चित्रपटात असते आणि जवळपास प्रत्येक वेळी तिच्या हातात काहीतरी खायचे असते. नायिकेचा प्रेमभंग झाला तर मैत्रीण रोल खाते; नायिकेचे जमले तर मैत्रीण मिष्टी खाते. तिला स्वतःला कुणी आवडले असे मला क्वचितच लिहावे लागले. बिहारी दरवान, बिर्याणीचा डबा घेऊन येणारा मुसलमान मित्र, हेही असेच ठरलेल्या दारातून ठरलेल्या वेळी येतात आणि जातात. एका चित्रपटात शेजारीण मराठी होती. मी मोठ्या उत्सुकतेने सरसावून बसलो. ती सकाळी सात वाजता नऊवारी नेसून, नाकात मोत्यांची नथ घालून जिना झाडत होती. दिसते ते सांगायचे हा नियम असल्याने मी लिहिले: ‘शेजारीण, नाकात मोठी नथ, जिना झाडते.’

वसुधा मागे उभी राहून वाचत होती. “नथ घालून झाडू? आणि शिंक आली तर?”

गेल्या काही वर्षांत हे बदलू लागले आहे, आणि तो बदल होताना त्याच्या इतक्या जवळ बसायला मिळाले हे मी माझे भाग्य समजतो. आता प्रेमात पडणारी माणसे निरनिराळी असतात. साठीची विधवा असते, कुबड्या घेऊन चालणारा वकील असतो. एका चित्रपटात दोन तरुण होते. शेवटी गच्चीवर एकजण दुसऱ्याचे चुंबन घेतो. मी लिहिले: ‘दोघे जवळ येतात.’

जयिताने हात वर केला. “किती जवळ? सियालदाच्या गाडीत मी रोज शंभर लोकांच्या जवळ येते.”

मी चष्मा पुसू लागलो.

“मागच्या महिन्यात मुलगा आणि मुलगी होती, तेव्हा तुम्ही ओठ लिहिले होते, काकू. मला पाठ आहे. आज ओठ कुठे गेले?”

ओठ परत आले. माझे कान तापले होते, पण त्यांचे वर्णन कोणी मागितले नाही. त्या शनिवारी आमच्या नियमांत एकाची भर पडली: एकाला जे माप, तेच दुसऱ्याला.

याच नियमाने पुढे आम्हाला झूमुरच्या वाक्यापाशी आणून उभे केले.

चित्रपट लहान होता, नव्या दिग्दर्शकाचा. त्याचे नाव अनिर्बाण. त्याची नायिका झूमुर ही पूजेचे मंडप उभारणाऱ्या कारागिरांची मुकादम, आणि नायक सौम्य हा मंडपाची रोषणाई करणारा. तिला बांबू जिथे हवा तिथेच त्याला दिवा हवा असतो. त्यावरून भांडण आणि भांडणावरून प्रेम. चित्रपट मला अतिशय आवडला. झूमुर काळी आहे, अंगाने चांगली भरलेली आहे, खांद्यावर बांबू टाकून ती चालते तेव्हा माणसे आपोआप बाजूला होतात. आणि संपूर्ण चित्रपटात तिच्या रंगाविषयी किंवा अंगाविषयी कुणी एक अवाक्षर काढत नाही. आई काळजी करत नाही, आत्या हळदीचा लेप सुचवत नाही, नायक ‘मला तू आहेस तशीच आवडतेस’ असे उपकार करत नाही. ती दिसते, आणि विषय संपतो.

मला वाटले, चित्रपट जर हे बोलत नाही, तर मीही बोलू नये. मी झूमुरच्या कृती लिहिल्या, कपडे लिहिले, कमरेला खोचलेला पदर लिहिला. रंग आणि अंग सोडून दिले. जयिताने सगळा चित्रपट ऐकला, चार ठिकाणी मोठ्याने हसली. शेवटी मी विचारले, “कशी वाटली झूमुर?”

“मस्त. बारीक, गोरी, केस कमरेपर्यंत. पण आवाज भारी आहे हं तिचा, अंगापेक्षा मोठा.”

मग मी तिला झूमुर खरी कशी दिसते ते सांगितले.

जयिताचा चेहरा कसा झाला हे मी येथे नियमाप्रमाणे लिहितो: भुवया वर गेल्या, तोंड किंचित उघडे राहिले, हाताने खुर्चीचा दांडा पकडला. अर्थ वाचकांनी लावावा.

“परत सांगा,” ती म्हणाली.

मी परत सांगितले.

“मला रंग म्हणजे काय ते माहीत नाही, काकू. रंगाचं लोक काय करतात ते माहीत आहे. मला बघायला आले होते ते बाहेर पडताना जिन्यात म्हणाले, ‘काळी, त्यात आंधळी.’ दुसरे आले ते म्हणाले, ‘आंधळी, त्यात काळी.’ एवढाच फरक. आणि तुम्ही ज्यांच्याबद्दल काही सांगत नाही त्या सगळ्या माझ्या डोक्यात गोऱ्या आणि बारीक होऊन येतात. मी त्यांना बोलावलेलं नाही. लहानपणापासून गोष्टींतून, गाण्यांतून येऊन बसल्यात.” ती थांबली. “आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखी कुणीतरी हिरॉइन झाली, आणि मला ती दिसली नसती.”

तेव्हा वाक्य लिहिणे भागच होते. झूमुर पहिल्यांदा दिसते ती मंडपाच्या परांचीवर चढताना, आणि तिथे एकच फट आहे, सहा सेकंदांची. मी लिहिले: ‘झूमुर, सावळी, स्थूल पण चपळ, परांचीवर चढते.’

“पण?” जयिता म्हणाली.

मी ‘पण’ खोडला. आता ‘सावळी’ उरला, आणि तो मला सतावू लागला, कारण ती सावळी नव्हती. मी शब्द शोधू लागलो आणि चकित झालो. बंगालीत श्यामला आहे, ‘चापा’ म्हणजे दबलेला रंग आहे, ‘मयला’ म्हणजे चक्क मळका रंग आहे. मराठीत सावळी, निमगोरी, गव्हाळ आहे. हे सगळे शब्द लग्नाच्या बाजारातून आलेले, गिऱ्हाइकाला घाबरत घाबरत माल दाखवणारे. संस्कृतात गेलो तर तिथे नीलकमळे आणि मेघ. मी आठवडाभर हा विषय जेवणाच्या टेबलावर मांडत होतो. शेवटी वसुधाने आमटीचा डाव खाली ठेवला.

“मला बघायला आलात तेव्हा तुमच्या आत्यांनी घरी जाऊन काय सांगितलं होतं, आठवतं?”

“नाकीडोळी नीटस,” मी म्हणालो.

“नाकीडोळी नीटस म्हटलं, की रंग विचारायचा नसतो. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. तुम्ही आठ दिवस त्या मुलीला नाकीडोळी नीटस करताय. ती काळी आहे ना? मग काळी म्हणा. शब्दात काही वाईट नाही, लोक तो म्हणताना आवाज उतरवतात ते वाईट आहे.”

मी लिहिले: काळी. जाड. आणि माप सारखे हवे म्हणून लगेच खाली उभ्या असलेल्या नायकाकडे वळलो. दृश्य झूमुरच्या नजरेतून, वरून घेतलेले आहे; सौम्य मान खाली घालून वायर सोडवत असतो आणि मग वर पाहतो. अखेरचे वाक्य असे झाले: ‘काळी, जाड झूमुर झपाझप परांची चढते. खाली सौम्य. गोरा, किडकिडीत, टक्कल पडू लागलेले.’ सहा सेकंदांत बरोबर बसले. जयिताने ते दोनदा ऐकले आणि म्हणाली, “पास.”

अनिर्बाण अंतिम श्रवणाला आला. तरुण, दाढीवाला, मृदू बोलणारा. पहिल्याच मिनिटाला त्याने हेडफोन काढला.

“स्यार, हे काय आहे? निर्माता म्हणत होता, दोन विनोद टाका तिच्या जाडीवर. मी नाही म्हणालो, तो सोडून गेला, दुसरा शोधला. का? तर माझ्या चित्रपटात हे कुणी बोलू नये म्हणून. आणि तुम्ही पहिल्या मिनिटाला बोलून मोकळे?”

“तुमचे प्रेक्षक बघून गप्प बसतात,” जयिता म्हणाली. “आम्हाला गप्प बसायला आधी कळायला तर हवं.”

“कळेल की हळूहळू.”

“कसं? वासावरून?”

अनिर्बाण हसला नाही. करारानुसार अंतिम शब्द दिग्दर्शकाचा असतो. त्याने शांतपणे सांगितले की वाक्य काढा, आणि तो पाण्याचा पेला उचलू लागला. अशा वेळी मी सामान्यतः चष्मा पुसतो. त्या दिवशी मात्र मी, स्वतःलाच नवल वाटेल असा, बोलू लागलो.

“तुमचे पोस्टर मी रासबिहारीच्या चौकात पाहिले,” मी म्हणालो. “त्यावर झूमुरचा चेहरा आहे, माणसाहून मोठा. तुम्ही तो झाकला नाहीत. तुमच्या चित्रपटात कुणी तिच्या रूपाविषयी बोलत नाही हे खरे, कारण बोलायची गरज नाही. प्रत्येक चौकटीत ती उभीच आहे. आमच्या प्रेक्षकांसाठी चौकट म्हणजे आमचे वाक्य. ते काढले तर झूमुर जाते, आणि तिच्या जागी दुसरीच कोणी येऊन बसते. ती तुम्ही निवडलेली नव्हे.”

अनिर्बाणने पेला खाली ठेवला. “एकदाच,” तो म्हणाला. “पुन्हा नाही. आणि कलाकारांना ऐकवा. त्यांची हरकत नसेल तर राहू दे.”

आम्हाला भीती होती ती नायिकेची. तिने फोनवर वाक्य ऐकले आणि म्हणाली, “बरोबर आहे. आणि ‘झपाझप’ आवडलं, त्या परांचीवर माझे गुडघे गेले होते.” विषय संपला.

हरकत आली ती नायकाकडून. त्याच्या व्यवस्थापकाचा फोन आला की ‘टक्कल’ हा शब्द त्यांच्या प्रतिमेस साजेसा नाही. त्याऐवजी ‘रुंद कपाळ’ चालेल. अनिर्बाण कंटाळून म्हणाला, त्याचं टक्कल काढून टाका आणि संपवा.

“त्याचं टक्कल गेलं तर तिचा रंगही जाईल,” जयिताने मला बजावले. “तिला एकटीला उभं करायचं नाही. एकतर दोघं, नाहीतर कुणीच नाही.”

“मग काय करावे?”

“फोन करा त्याला. तुम्ही. मी केला तर भांडण होईल.”

मी कधी नटाला फोन केला नव्हता. नातेवाइकांनाही मी शक्यतो पत्र लिहितो. वसुधाने माझ्यासमोर खुर्ची ओढली, फोन लावून माझ्या हातात दिला आणि ऐकायला बसली. पलीकडून आलेला आवाज अत्यंत सभ्य होता, त्यामुळे मी अधिकच घाबरलो. मी आमचा नियम समजावला, सारखे माप समजावले, त्याच्या एका शब्दावर नायिकेचे अख्खे दिसणे कसे अवलंबून आहे ते सांगितले. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारले, “किती दिसतंय?”

“काय?”

“टक्कल. खरं सांगा.”

खोटे बोलणे मला जमत नाही, विशेषतः परिमाणाविषयी. “मागच्या बाजूस, साधारण तळहाताएवढे.”

“अनिर्बाण म्हणाला होता की तो शॉट वरून घेतलेला नाही.”

“तो वरूनच घेतलेला आहे,” मी म्हणालो. वसुधाने कपाळाला हात लावला.

पलीकडे बरीच मोठी फट पडली. मी ती शब्दांनी भरली नाही, एवढे मला आता येते.

“माझे डोळे चांगले आहेत, असं सगळे म्हणतात,” तो शेवटी म्हणाला. “ते सांगा की.”

“चांगले म्हणता येणार नाही. तो अभिप्राय होतो. मोठे म्हणता येईल.”

“मोठे आहेत?”

“मोठे आहेत.”

“मग म्हणा मोठे. आणि राहू दे ते दुसरंही.”

‘मोठे डोळे’ घालायला मला ‘झपाझप’ गाळावे लागले. फटीला दयामाया नसते. नायिकेच्या गुडघ्यांची मला अजून रुखरुख वाटते.

एस्प्लनेडजवळच्या एका जुन्या चित्रपटगृहात पहिला खेळ झाला. निम्म्या खुर्च्यांवर पाहणारे प्रेक्षक होते, निम्म्यांवर जयिताने गोळा केलेली, कानात इअरफोन घातलेली तिची माणसे: बँकेतली, बराकपूरची, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी आणि त्यांच्या आया-मावश्या. मी आणि वसुधा शेवटच्या रांगेत. दिवे गेले, मंडपाचे बांबू दिसले. परांचीचे दृश्य आले. मी पडद्याकडे न पाहता प्रेक्षकांकडे पाहिले. अंधारात फक्त डोकी दिसत होती. वाक्य संपले असेल-नसेल तोच डावीकडच्या तिसऱ्या रांगेतून एक छोटा हसण्याचा आवाज आला, मग शेजारी दुसरा, आणि मग त्या बाजूच्या साऱ्या डोक्यांत कुजबुज पसरली. पाहणाऱ्या प्रेक्षकांपैकी काहींनी तिकडे वळून पाहिले, कारण पडद्यावर तर हसण्यासारखे काही घडले नव्हते. एक स्त्री बांबूवर चढत होती. ती बाजू त्यानंतर सबंध चित्रपटभर जागी होती. माझ्या वर्गाला असे भाग्य कधी लाभले नाही.

खेळ संपल्यावर बाहेर लेबू-चहाचे पेले फिरत होते. अनिर्बाण एका कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. जयिता मला तिच्या शाळेतल्या एका बाईंकडे घेऊन गेली. साठीला टेकलेल्या, जन्मांध, निवृत्तीला आलेल्या संगीतशिक्षिका, गुलाबी टांगाइल साडी, खांद्यावर पिशवी. “हे ते लिहिणारे काकू,” जयिताने सांगितले.

त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. “ती खरंच काळी आहे?”

“हो,” मी म्हणालो.

“म्हणजे किती? माझ्यासारखी?”

“तुमचा रंग मी कुठून सांगू?” जयिता म्हणाली.

“तुला नाही, त्यांना विचारतेय.”

मी वसुधाकडे पाहिले. ती चहा पिता पिता माझ्याकडेच पाहत होती आणि तिचा मदत करण्याचा काही विचार दिसत नव्हता. मी आयुष्यात कोणत्याही स्त्रीच्या रूपाविषयी तिच्यासमोर एक शब्द काढलेला नव्हता. मी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, कामावर पाहतो तसे.

“तुमच्यासारखीच,” मी म्हणालो. “तुम्ही किंचित अधिक काळ्या. अंगानेही साधारण तेवढीच. हनुवटी तुमची जास्त ठसठशीत आहे.”

आवाज मी उतरवला नाही. निदान तसा प्रयत्न केला.

बाईंनी हनुवटीवरून एकदा बोट फिरवले, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि जयिताला म्हणाल्या, “मग एवढी घाई कशाला केली गं तिने? थांबली असती तर केस असलेला मिळाला असता.”

“डोळे मोठे आहेत त्याचे,” जयिता म्हणाली.

“असू देत,” बाई म्हणाल्या, आणि चहाचा दुसरा पेला मागून घेऊन दोघी त्या नवरदेवाच्या उरलेल्या दोषांकडे वळल्या.